टंकयंत्रापासून मुख्य न्यायाधीशाच्या आसनापर्यंत

आपल्या मंडळाच्या वाचनवर्गात एके दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री-न्यायाधीश सुजाता मनोहर यांच्याविषयी वाचन चालले होते. वाचन संपले, चहा आला, आणि कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या एक वडीलधाऱ्या भगिनी म्हणाल्या, "अहो, अमकी पहिली झाली, तमकी पहिली झाली, असे सगळेच लिहितात. पण तेथवर ती पोचली कशी? मधली वर्षे काय केले तिने? ते कोणीच कसे सांगत नाही?" आम्ही हसलो खऱ्या, पण उत्तर मात्र कोणालाच देता आले नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिही, अशी संपादिकाबाईंची आज्ञा झाली तेव्हा तोच प्रश्न मनात पुन्हा उभा राहिला. म्हणून आज अशा एका बाईची हकीकत सांगायला बसले आहे की जिच्या आयुष्यात 'मधली वर्षे' हाच खरा भाग आहे.

या बाई आपल्या देशातल्या नव्हेत. अमेरिकेतील ॲरिझोना नावाच्या रखरखीत वाळवंटी राज्यात त्या जन्मल्या, वाढल्या आणि तेथेच १९६५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात त्या पदावर बसलेली ही पहिली स्त्री. नाव लॉर्ना लॉकवुड. आपल्या रीतीप्रमाणे मी त्यांना लॉर्नाबाईच म्हणणार आहे.

प्रथम तेथील व्यवस्था थोडी समजून घेऊ, नाहीतर पुढचा घोळ उलगडायचा नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय एकच, दिल्लीचे. राज्यांना उच्च न्यायालये. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचे स्वतःचे वेगळे सर्वोच्च न्यायालय असते. राज्याच्या कायद्यापुरता त्याचा शब्द अखेरचा. देशाच्या राज्यघटनेचा किंवा देशाच्या कायद्याचा प्रश्न निघाला तरच प्रकरण वर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाऊ शकते. आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती करतात. पण त्या काळच्या ॲरिझोनात न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडून येत. नगरपालिकेच्या उमेदवाराने दारोदार जावे, तसे न्यायासनावर बसू इच्छिणाऱ्यालाही मतदारापुढे जावे लागे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीश असत, आणि आपल्यातूनच एकाला ते मुख्य न्यायाधीश निवडीत. म्हणजे लॉर्नाबाईंना दोन परीक्षा होत्या. आधी मतदारांनी पसंत करायला हवे, आणि मग चार पुरुष सहकाऱ्यांनी.

लॉर्नाबाईंचा जन्म २४ मार्च १९०३ चा, मेक्सिकोच्या सरहद्दीवरील डग्लस या गावी. गाव तांब्याच्या भट्ट्यांचे. ॲरिझोना तेव्हा राज्यदेखील नव्हते, नुसता 'प्रदेश' होता. राज्याचा दर्जा त्याला फेब्रुवारी १९१२ मध्ये मिळाला. वडील आल्फ्रेड लॉकवुड वकील होते. पुढे ते जिल्ह्याचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब टूमस्टोन या गावी राहायला गेले. टूमस्टोन म्हणजे थडग्यावरचा दगड! या विचित्र नावाची कथा मोठी मौजेची आहे. एक माणूस चांदीच्या शोधात त्या रानात निघाला, तेव्हा सैनिकांनी त्याला बजावले, की तुला तेथे सापडलाच तर तुझ्या थडग्याचा दगड सापडेल. त्याला सापडली चांदीची खाण. आणि त्याने तिला तेच नाव देऊन टाकले. १८८१ साली याच गावात कायद्याचे रखवालदार आणि गुंड यांच्यात जी गोळीबाराची चकमक झडली, तिच्यावर पुढे कितीतरी बोलपट निघाले. अशा गावी, बंदुकीची जागा कायदा घेऊ पाहत असतानाच्या काळात, ही न्यायाधीशाची मुलगी लहानाची मोठी झाली.

त्याच टूमस्टोनमध्ये लॉर्नाबाईंच्या आधीही एक वकीलकन्या होऊन गेली होती. तिचे नाव सेरा हेरिंग, लग्नानंतर सेरा सोरिन. आधी ती तेथे शाळामास्तरीण होती. मग वडिलांच्या हाताखाली कायदा शिकली आणि १८९० च्या दशकात ॲरिझोनाची पहिली स्त्री-वकील झाली. खाणींच्या खटल्यांत तिचा हातखंडा होता. १९१३ साली वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, शेजारी एकही पुरुष वकील न घेता, एकटीने बाजू मांडणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढच्याच वर्षी ती वारली. तेव्हा छोटी लॉर्ना अकरा वर्षांची होती. वाट अगदीच अनोळखी नव्हती, एवढेच यावरून म्हणता येईल. परंतु एका बाईच्या पावलांनी वाट पडत नाही. गवत पुन्हा वाढते.

वारा मात्र अनुकूल होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये ॲरिझोनाच्या पुरुष मतदारांनी सुमारे दोनास एक अशा मताधिक्याने स्त्रियांना मताचा हक्क दिला. साऱ्या अमेरिकेतील स्त्रियांना तो १९२० साली मिळाला. मात्र एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने अडवावे, ही जगाची जुनी चाल आहे. मत द्यायला चालणारी बाई ज्यूरीत बसायला चालत नव्हती. ॲरिझोनात स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा अधिकार मिळाला तो १९४५ साली. म्हणजे १९२५ साली लॉर्नाबाई ॲरिझोना विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्यांना कोर्टात वकील म्हणून उभे राहता येत होते, पण त्याच कोर्टातल्या ज्यूरीच्या बाकावर बसता येत नव्हते.

कायद्याच्या शिक्षणाला त्या निघाल्या तेव्हाही कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. मुलींनी कायदा कशाला शिकावा, असाच तेथील वडीलधाऱ्यांचा सूर होता. बाईंनी हट्ट सोडला नाही. वर्गात सगळे पुरुष. पण त्याच पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या संघाचे अध्यक्षपद दिले. येथवरची गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल, की आता पुढचे सारे सुरळीत झाले असेल. हुशार मुलगी, हातात पदवी, वडील न्यायाधीश. वडील तर त्याच १९२५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पुढे तेथे मुख्य न्यायाधीशही झाले.

पण मैत्रिणींनो, वाचनवर्गातल्या त्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते. पदवी घेतल्यानंतर सुमारे चौदा वर्षे लॉर्नाबाईंनी काय केले? लघुलेखन आणि टंकलेखन! वकिलांच्या कचेरीत त्या लघुलेखिका आणि चिटणीस म्हणून काम करीत होत्या. इतर वकील तोंडाने सांगत आणि या पदवीधर वकीलबाई ते खुणांच्या लिपीत उतरवून घेऊन टंकयंत्रावर बडवीत. बावीस वर्षांच्या मुलीची पस्तिशी उलटून गेली. एवढ्या वर्षांत एखादीने टंकयंत्र बंद करून पदवीची सुरळी ट्रंकेच्या तळाशी टाकली असती, आणि कोणी तिला नावेही ठेवली नसती.

ही गोष्ट त्यांच्या एकटीची नव्हे. ॲरिझोनाच्याच माळरानावरील गुरांच्या कुरणात वाढलेल्या सँड्रा डे ओ'कॉनर १९५२ साली नामांकित विद्यापीठातून वरच्या क्रमांकाने कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांनी वकिलांच्या कचेऱ्यांची दारे ठोठावली, तेव्हा त्यांना देऊ केलेले एकमेव काम कोणते, तर कायद्याच्या कचेरीतील चिटणिसाचे! म्हणजे पाव शतक उलटले तरी बाईच्या वाट्याचे टंकयंत्र काही हलले नव्हते. त्याच ओ'कॉनरबाई १९८१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री-न्यायाधीश झाल्या, हे पुढे साऱ्या जगाने पाहिले.

लॉर्नाबाईंची ती चौदा वर्षे फुकट गेली का? मला तसे म्हणवत नाही. दुसऱ्याच्या तोंडची शेकडो निवेदने आणि करारनामे अक्षर न अक्षर लिहून काढणारी बाई कायदा आतून-बाहेरून शिकते. पंगतीत वाढणारणीला कोणत्या पानावर काय उरले ते जसे दिसते, तसेच हे. पण यावरून त्या अन्यायाचे गोडवे गाणेही बरे नव्हे. पुरुषाला पहिल्या वर्षी मिळते ते बाईला पंधराव्या वर्षी मिळाले, आणि त्यात तिचे अनुभवाने भलेच झाले, असे म्हणणे म्हणजे चोराने नेलेल्या पाटल्यांबद्दल हात हलका झाला म्हणून आभार मानणे होय.

दार उघडले ते कचेरीतून नव्हे, लोकांतून. १९३९ साली लॉर्नाबाई डेमोक्रॅटिक पक्षाकडून निवडून येऊन राज्याच्या विधिमंडळात बसल्या. त्याच सुमारास लोरेटा सॅव्हेज नावाच्या दुसऱ्या एका वकीलबाईंबरोबर भागीदारीत त्यांनी स्वतःची वकिली थाटली. दोन बायकांची कचेरी! दरवाजावरच्या पाटीवर एकही पुरुषाचे नाव नाही, हे पाहून किती अशिलांनी पाऊल मागे घेतले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. नंतर महायुद्ध आले. युद्धकाळात त्यांनी काही दिवस आपल्या राज्याच्या काँग्रेस-सदस्याच्या मदतनीस म्हणून वॉशिंग्टनला काम केले, आणि मग भावनियंत्रण खात्याच्या वकील म्हणून फिनिक्सला. भावनियंत्रणाचा अर्थ आपल्या जुन्या पिढीला सांगायला नको. साखर, तेल, टायर, घरभाडे या साऱ्यांवर सरकारी भाव बांधून दिलेला असे, आणि तो मोडणाऱ्याला कोर्टात खेचायचे काम त्या खात्याच्या वकिलांकडे होते.

युद्ध संपल्यावर त्या पुन्हा विधिमंडळात गेल्या आणि तेथील न्यायविषयक समितीच्या अध्यक्ष झाल्या. १९४९ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कचेरीत सहाय्यक म्हणून नेमणूक झाली. आणि १९५० च्या निवडणुकीत फिनिक्स शहर ज्यात मोडते त्या मॅरिकोपा जिल्ह्याच्या न्यायालयावर त्या निवडून आल्या. राज्यातील जिल्हा न्यायासनावर बसणारी ही पहिली स्त्री. वय सत्तेचाळीस.

आता पायऱ्या मोजून पाहा. टंकयंत्र, विधिमंडळ, स्वतःची कचेरी, वॉशिंग्टन, भावनियंत्रण, समितीचे अध्यक्षपद, सरकारी वकिली, जिल्हा न्यायालय. यातली एकही पायरी शोभेची नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या लोकांशी पडलेली गाठ आणि वेगळ्या प्रकारचे काम. नोकरदार आणि व्यावसायिक स्त्रियांच्या संस्थांमध्येही त्या मनापासून वावरत. त्यांनी लग्न केले नाही. बाई एकटी, म्हणून तिला वेळ होता, असे कोणी म्हणेल. पण बाई एकटी असली तर जग तिच्याकडे अधिकच बारकाईने पाहते, हेही आपणांस ठाऊक आहे.

जिल्हा न्यायालयात असताना १९५४ ते १९५७ या काळात बालन्यायालयाचे काम त्यांच्याकडे आले. बायकांकडे मुलांचे काम द्यायचे, ही जणू साऱ्या जगाची रूढीच. चुकलेली, घरातून पळालेली, चोरी केलेली मुले आणि त्यांचे रडवेले आईबाप समोर उभे राहत. बालन्यायालयाच्या मुळाशी कल्पना मोठी सुंदर होती. मूल गुन्हेगार नाही; ते वाट चुकलेले लेकरू आहे. न्यायाधीशाने तेथे न्यायाधीश न राहता आईबाप व्हावे, प्रेमाने विचारपूस करावी, आणि मुलाच्या हिताचे ते करावे. म्हणून तेथे वकिलांची गरज नाही, साक्षीपुराव्याचा काटेकोरपणा नाही, अपिलाचा खटाटोप नाही. या कल्पनेची दुसरी बाजू पुढे किती भयंकर निघाली, ते लवकरच सांगते.

१९६० च्या निवडणुकीत लॉर्नाबाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आल्या आणि १९६१ च्या जानेवारीत त्यांनी आसन ग्रहण केले. ज्या न्यायालयात वडील वर्षानुवर्षे बसले, तेथेच मुलगी येऊन बसली. चार वर्षांनी, १९६५ मध्ये, सहकाऱ्यांनी त्यांना मुख्य न्यायाधीश निवडले. वडील आणि मुलगी दोघेही एकाच राज्याचे मुख्य न्यायाधीश, असा योग इतिहासात फार क्वचित आढळतो.

येथे हा लेख थांबवला असता तर शोभून दिसला असता. हार, तुरे, टाळ्या. परंतु इतिहास लिहायचा तर तो पुरता लिहिला पाहिजे. आणि लॉर्नाबाईंच्या पहिल्याच कारकिर्दीत त्यांच्या न्यायालयाचे दोन निकाल असे झाले की ज्यांनी साऱ्या अमेरिकेत खळबळ उडवली.

पहिला मिरांडा प्रकरणाचा. १९६३ च्या मार्चमध्ये फिनिक्सच्या पोलिसांनी या इसमाला एका गंभीर गुन्ह्याच्या संशयावरून पकडले आणि दोन तासांच्या चौकशीत त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतला. तुला वकील घेण्याचा हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ती शिक्षा कायम केली. १३ जून १९६६ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती उलटवली. तेव्हापासून अमेरिकन पोलीस पकडलेल्या माणसाला 'तुला गप्प राहण्याचा हक्क आहे' हे सांगतात. इंग्रजी चित्रपटांतून ते आपण अनेकदा ऐकलेही असेल. मिरांडावर पुढे १९६७ साली नव्याने खटला चालला आणि तो दोषीच ठरला. पण नियम मात्र कायमचा राहिला.

दुसरे प्रकरण आपल्यासारख्या आयांनी लक्ष देऊन ऐकावे असे आहे. ८ जून १९६४ चा दिवस. ॲरिझोनातील ग्लोब नावाच्या खाणगावात गॉल्ट कुटुंबातील पंधरा वर्षांच्या मुलाला सकाळी पोलीस घेऊन गेले. शेजारच्या एका बाईला कोणी दूरध्वनीवर अचकटविचकट बोलले, अशी तिची तक्रार होती. मुलाचे आईवडील दोघेही कामावर. घरी ना चिठ्ठी, ना निरोप. संध्याकाळी आई दमून घरी आली तो मुलगा नाही! शोधाशोध केल्यावर कळले, की त्याला कोंडून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाच्या खोलीत विचारपूस झाली. तक्रार करणारी बाई आली नाही. कोणाला शपथ दिली नाही. कोण काय बोलले त्याचा एक कागदही लिहिला नाही. आठवड्याच्या आत निकाल झाला: मुलगा सज्ञान होईपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षांचा होईपर्यंत, त्याला सुधारगृहात ठेवावे. सहा वर्षे! हाच अपराध मोठ्या माणसाने केला असता तर शिक्षा होती पाच ते पन्नास डॉलर दंड, किंवा फार तर दोन महिने कैद.

मुलावर प्रेम करावे म्हणून वकील काढून टाकला होता, पुरावा काढून टाकला होता, अपीलही काढून टाकले होते. उरले काय, तर एका माणसाची मर्जी. ती मर्जी चांगली असेल तर मुलाचे नशीब. नसेल तर सहा वर्षे.

अपील करता येत नव्हते, म्हणून आईवडिलांनी दुसरा मार्ग धरला. अमेलिया लुईस या वकीलबाईंनी त्यांचे काम अंगावर घेतले. मुलाला बेकायदा डांबले आहे, असा अर्ज त्यांनी ऑगस्ट १९६४ मध्ये केला. तो फिरत फिरत निकालासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्या न्यायालयाने, मुलाला न्याय्य वागणूक मिळायलाच हवी हे तत्त्व मान्य करूनही, या मुलाच्या बाबतीत काही वावगे झाले नाही असे ठरवून शिक्षा उचलून धरली. त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या लॉर्नाबाई. स्वतः तीन वर्षे बालन्यायालय चालवलेल्या.

प्रकरण वॉशिंग्टनला गेले. १५ मे १९६७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय फिरवला. मुलावरील आरोप त्याला आणि आईबापांना आधी कळवला पाहिजे. त्याला वकील मिळाला पाहिजे. आरोप करणाऱ्याला उलट प्रश्न विचारता आले पाहिजेत. आणि स्वतःविरुद्ध बोलायला त्याला भाग पाडता कामा नये. मूल आहे म्हणून त्याचे हक्क पातळ होत नाहीत, असा त्या निकालाचा मथितार्थ.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. लॉर्नाबाईंवर राग धरावा का? मला वाटते, त्या काळच्या समजुतीत त्या वाढल्या होत्या. बालन्यायालयात त्यांनी अनेक मुलांना मायेने वागवले असेल. म्हणूनच तो दरवाजा इतरांच्या हाती किती धोक्याचा ठरेल हे त्यांना दिसले नसावे. मायाळू माणसाला सर्वांत शेवटी कळते, की माया हा नियम होऊ शकत नाही. आपण घरातदेखील हेच करतो. 'तुझ्या भल्यासाठीच' असे म्हणून सून, मुलगी, नातू यांना बोलूच देत नाही. भले कोणाचे, हे ठरवण्याआधी ज्याचे भले करायचे त्याला ऐकून घ्यावे, हा त्या निकालाचा धडा न्यायालयापुरता नाही. आणि बाई उच्चपदी बसली म्हणजे सारे निकाल आपोआप दयेचे आणि शहाणपणाचे होतील, अशी आपली जी भाबडी समजूत असते, तीही या प्रकरणाने उतरते. बाईला ते आसन मिळायला हवे ते ती देवी आहे म्हणून नव्हे. पुरुषाइतकाच तिचाही काम करण्याचा, आणि काम करताना चुकण्याचासुद्धा, हक्क आहे म्हणून.

याच सुमारास लॉर्नाबाईंचे नाव देशाच्या सर्वोच्च न्यायालयासाठी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यापुढे होते. १९६७ साली रिकामी झालेली जागा थर्गुड मार्शल यांना मिळाली. त्या न्यायालयावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. एका अन्यायाचे दार उघडले, दुसऱ्याचे चौदा वर्षे बंद राहिले. लॉर्नाबाई आपल्या राज्यातच काम करीत राहिल्या. १९७० मध्ये सहकाऱ्यांनी पुन्हा एकदा त्यांना मुख्य न्यायाधीश केले. १९७५ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि २३ सप्टेंबर १९७७ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागून काय झाले? इतर राज्यांत हळूहळू बायका दिसू लागल्या. उत्तर कॅरोलिनात सूझी शार्प १९७४ साली थेट लोकांच्या मतांनी मुख्य न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. कॅलिफोर्नियात १९७७ मध्ये रोझ बर्ड यांची नेमणूक झाली. १९८६ मध्ये मतदारांनीच त्यांना पायउतार केले. आणि खुद्द ॲरिझोनात? लॉर्नाबाईंची खुर्ची रिकामी झाल्यावर त्या न्यायालयात दुसरी बाई आली ती १९९८ साली. तेवीस वर्षांनी! या दुसऱ्या बाई म्हणजे रूथ मॅकग्रेगर. ओ'कॉनरबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या. २००५ मध्ये त्या ॲरिझोनाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या. मी वर म्हटले ना, एकीच्या पावलांनी वाट पडत नाही, गवत पुन्हा वाढते, ते याचसाठी.

आपल्याकडची तारीखवारीही जवळ ठेवावी. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या. पण स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा हिंदुस्थानात झाला तो १९२३ साली. केरळच्या अण्णा चंडी १९५९ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. म्हणजे लॉर्नाबाईंच्याही दोन वर्षे आधी! पण उच्च न्यायालयाची पहिली स्त्री मुख्य न्यायाधीश, लीला सेठ, हिमाचल प्रदेशात १९९१ साली झाली. मुंबईला सुजाता मनोहर १९७८ मध्ये न्यायाधीश झाल्या आणि १९९४ मध्ये मुख्य न्यायाधीश. आसनावर बसण्यापासून ते आसनांच्या मध्यभागी बसण्यापर्यंतचे अंतर आपल्याकडेही लांबच पडले.

तर वाचनवर्गातल्या माझ्या वडील भगिनीला आता उत्तर देते. बाई तेथवर पोचली कशी? आजी, पहिली चौदा वर्षे ती दुसऱ्यांचे बोलणे लिहून घेत होती. मग लोकांपुढे गेली. एका मैत्रिणीला बरोबर घेऊन तिने दुकान मांडले. जे काम पुढे आले ते हलके मानले नाही. निवडणुकीत उभी राहिली, पुन्हा उभी राहिली. आणि पन्नाशी-साठीच्या वयात, जेव्हा पुष्कळजणी आता आपले झाले म्हणतात, तेव्हा तिचे खरे काम सुरू झाले.

आपल्या मंडळातही अशा 'मधल्या वर्षांत' असलेल्या कितीतरी जणी आहेत. कोणी शिवणयंत्रावर आहे, कोणी शाळेच्या कचेरीत आहे, कोणी मुलांच्या परीक्षा आटोपून स्वतःच्या परीक्षेचा अर्ज भरते आहे. आपले मंडळ त्यांना खुर्ची देऊ शकत नाही. पण गवत वाढू नये म्हणून वाटेवर चालत राहणे, आणि मागून येणारणीला हाक मारणे, एवढे तर आपल्या हातात आहे. या वर्धापनदिनी तेवढा संकल्प केला तरी पुष्कळ झाले.